बाप खिडकीपुढे उभा, तरी दाखल्यावर जागा रिकामी?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
माझी मावसबहीण आणि तिचा जोडीदार चार वर्षं पुण्यात एकत्र राहतात. लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. बाळंतपणाला ती कराडला आली, मुलगी झाली. जन्मनोंदणीच्या खिडकीवर पहिला प्रश्न : "लग्नाचा दाखला?" नाही म्हटल्यावर, "मग वडिलांचं नाव कशाच्या आधारावर घालू?" तो बिचारा आधार कार्ड हातात धरून म्हणतोय, मीच बाप, लिहून देतो. तीन हेलपाटे झाले.
माझं मत : आई आणि बाप दोघंही राजीखुशीने सही करत असतील तर त्या एका अर्जावर तो कायद्याने बाप ठरावा. सगळ्या हक्कांसकट.

घाटमाथा
लग्न करा, विषय संपला. रजिस्टर लग्नाला 30 दिवसांची नोटीस लागते, तेवढा वेळ नाही का? सवलती सगळ्या पाहिजेत, बंधन तेवढं नको. उद्या कुणीही येऊन सही ठोकेल आणि आमच्या आज्याने राखलेल्या तीन एकर उसाला वारस लागतील.

काळाकोट
घाटमाथा, लग्न आता केलं तरी मुलगी आधी जन्मलीय. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 116 (जुन्या पुरावा कायद्यातलं 112) आपोआप बाप ठरवतं ते वैध लग्न चालू असताना जन्मलेल्या मुलाचा, किंवा लग्न संपल्यावर 280 दिवसांत जन्मलेल्याचा, आईने दुसरं लग्न केलेलं नसेल तर.
उसाची काळजी तर सोडाच. दाखल्यावर नाव लागलं म्हणून सातबाऱ्यावर लागत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात लग्नाबाहेरच्या मुलाचं नातं आईशी धरलंय. बापाकडून पोटगी मिळते, त्याला लग्न लागत नाही. वारसा मिळत नाही.
आता गंमत बघा. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, पण त्यातलं मूल औरस धरतात आणि आईबापाच्या वाट्यात त्याला हिस्सा आहे. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. म्हणजे दोन घरं करणाऱ्याच्या पोराला हिस्सा, आणि प्रामाणिकपणे "आमचं लग्न नाही" म्हणणाऱ्यांच्या पोरीला नाही! वर्षानुवर्षं नवराबायकोसारखे राहिले तर कोर्ट लग्न झालंय असं धरून चालतं, पण हे दोघं स्वतःच नाही म्हणतायत.

मिरजेच्या बाई
धागाकर्त्याशी असहमत, पण घाटमाथांच्या कारणासाठी नाही. मी शाळेत शिकवायचे तेव्हा देवदासींची मुलं यायची. हजेरीपटावर बापाचा रकाना आला की मूल मान खाली घालायचं. तो रकाना भरायची एवढी घाई कुणाला? 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालकत्व मागता येतं असं ठरवलं. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं. अशा मुलाची नैसर्गिक पालक आज आई, तिच्यानंतर बाप. "सगळे हक्क" सहीने दिलेत की सहा वर्षांनी तोच माणूस ताबा मागायला दारात उभा राहील. तेव्हा सही मागे घेता येणार आहे का?

कृष्णाकाठ
बाई, मी दोघांची सही म्हटलंय, एकट्याची नाही. पण ताब्याचा विचार केला नव्हता, खरंय. "सगळ्या हक्कांसकट" हे शब्द मागे घेतो. पोटगी आणि वारसा मुलीला सहीबरोबर मिळावा, पालकत्वात आई पहिली राहावी.

रांगडा_वाळवा
राजीखुशीचं जाऊ द्या हो. जो नाकारतो त्याचं काय? सरळ डीएनए सक्तीचा करा. मुलाने दावा लावला तेव्हा नारायण दत्त तिवारींसारख्या माजी मुख्यमंत्र्याचं रक्त काढलंच ना!

काळाकोट
दावा 2008 चा, अहवाल 2012 ला. मधली चार वर्षं मोजा, आणि तिथे लढणारा मुलगा सज्ञान होता. एरवी नुसतं मागितलं म्हणून कोर्ट चाचणी देत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या गौतम कुंडू निकालापासून हेच चाललंय. सबळ कारण दाखवावं लागतं. आदेश झाल्यावरही तो सुई टोचून घेईना, तर कोर्ट त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध काढू शकतं. सरसकट सक्ती केली तर संशयी नवरेच आधी रांगेत येतील, आणि मग बायकांचं आणि पोरांचं काय होतं ते मी रोज बघतो.

घाटमाथा
दुसऱ्या घराच्या पोराला हिस्सा मिळतो हे माहीत नव्हतं. हे काही पटलं नाही. तरी लग्नाशिवाय वारसा नकोच, मत बदललेलं नाही. पोरीची एवढीच कळकळ असेल तर त्याने स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करावं, त्याला कोण अडवतंय?
आणि आडनाव कुणाचं लावताय?

कृष्णाकाठ
मृत्युपत्राचं सांगतो त्याला. आडनाव आईचं. त्यावर मावशीच्या स्वयंपाकघरात वेगळाच धागा चालू आहे.