खोटं बोललेल्या पद्माचं शेवटी काय करू?

पूर्वभागातली_बाई:
मी सोलापूरच्या पूर्व भागात चौथी-पाचवीला शिकवते. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, कित्येकांच्या आया विड्या वळतात. त्यांच्यासाठीच एक गोष्ट लिहितेय.

पद्मा दहा वर्षांची. शाळेतून आली की अम्माशेजारी बसून ओली पानं पत्र्याच्या मापानं कापते, वळलेल्या विडीचं तोंड नखानं मुडपते. अम्माची बोटं धरतात, एकटीनं हजार विड्या होत नाहीत. एक दिवस वर्गात बाई विचारतात, "घरी विड्यांना कोण कोण हात लावतं?" पद्मा म्हणते, "मी नाही." तिची जिवलग मैत्रीण रेणुका मात्र खरं सांगून टाकते, आणि संध्याकाळी रेणुकाच्या घरी चौकशीला माणसं येतात.

एका मासिकाच्या संपादकांचं म्हणणं, पद्मानं शेवटी सगळं कबूल करावं आणि बाईंनी तिची पाठ थोपटावी, नाहीतर मुलं खोटं बोलायला शिकतील. मला ते पटत नाही. पण खोटं पचलं, संपलं, असंही लिहायचं नाही. त्या पोरींची बोटं मी रोज बघते. काय करू?

कुंभारीकर:
बाई, मी विडी कामगाराच्याच घरातला. आम्हा पोरांना कायदा-बियदा माहीत नव्हता, भीती होती ती छाटची. आई तयार विड्या कारखान्याच्या ब्रँचमध्ये घेऊन जायची, तिथला तपासणारा नापसंत विड्या बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत, तंबाखू-पान वाया गेलं ते वेगळंच. मी मुडपलेल्या विड्या छाटमध्ये गेल्या की त्या रात्री जेवण उतरायचं नाही. आई एक शब्द बोलायची नाही, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. तुमच्या पद्माला खरंखोटं नंतर सुचेल, आधी मांडीवरचं सूप अन् अम्माचा चेहरा दिसेल. ते लिहा. मग ती "मी नाही" का म्हणाली हे पोरांना सांगावं लागणार नाही.

बालवाचनालय_ताई:
गोष्टीतल्या बाईंनाही जरा अडचणीत टाका. १९८६ च्या बालकामगार कायद्यात, मुलांना बंदी असलेल्या कामांच्या यादीत विडी वळणं होतं. पण घरच्यांच्या मदतीनं घरात चालणाऱ्या कामाला त्यातून सूट होती. जिथं मोठ्यांचा कायदाच उंबऱ्याशी अडखळला, तिथं दहा वर्षांच्या पोरीकडून एका वाक्यात निवाडा कशाला मागायचा?

आणि माझ्या मते गोष्टीचं खरं दुखणं खोट्यात नाहीच, रेणुकात आहे. तिनं खरं सांगितलं आणि जणू वर्गात तीच एकटी विड्या करते असं चित्र झालं. पद्मा बाकावर तिच्या शेजारी बसून गप्प राहिली. बाईंशी खोटं बोलल्याचं मुलं दोन दिवसांत विसरतील. मैत्रिणीला एकटं पाडल्याचं नाही विसरणार. आमच्याकडे मुलांना गोष्टी वाचून दाखवते तेव्हा वाद पेटतो तो अशाच जागी. सातवीतली पोरं एकमेकांवर ओरडतात.

दोन_मुलांचा_बाप:
संपादकांची काळजी मला अगदीच खोटी वाटत नाही. माझी धाकटी गोष्ट संपली की विचारते, "मग तिला कुणी मदत केली?" शेवट मोकळा ठेवा, पण मुलीला एकटी सोडू नका. बोलावंसं वाटेल असं एक मोठं माणूस तरी गोष्टीत असू द्या. आजी चालेल.

पूर्वभागातली_बाई:
ताई, रेणुकाकडे मी फक्त पद्माला पेचात पकडायला म्हणून बघत होते. आता दुसऱ्या दिवशीचा प्रसंग नव्यानं लिहिते: रेणुका शाळेत येत नाही, आणि पद्मा मधल्या सुट्टीत तिच्या घरी जाते. कबुली बाईंपुढे नाही, रेणुकापुढे. रेणुका तिला माफ करेल की नाही, ते मी लिहिणार नाही. आजी घेते, पण ती उपदेश करणार नाही. पद्माला दार उघडून आत घेईल, बस्स. बाई वर्गात सगळ्यांदेखत विचारतात तेही बदलत नाही, कारण त्यांची चूक तिथंच आहे.

कुंभारीकर, छाटचा प्रसंग वापरू का? आणि ब्रँचमध्ये विड्या तपासताना आई कुठं उभी राहायची, ते जमलं तर लिहा. पाचवीची पोरं तपशील चुकला की लगेच पकडतात.