निर्वासितांची पोरं कुठल्या शाळेत बसवायची?

वाटसरू:
कॉक्स बझारच्या छावण्यांतल्या रोहिंग्या मुलांना बांगलादेशाने आपल्या शाळांत घेतलं नाही, अभ्यासक्रमही आपला दिला नाही. का, तर ती परत जायची आहेत! म्हणून आता तिथे म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवतात. २०१७ ला पहिलीच्या वयाचं आलेलं पोर मोठं झालं, परतीचा पत्ता नाही. त्यापेक्षा तुर्कस्तान बरा. त्यांनी २०१६ पासून सीरियन मुलांना अरबीतून शिकवणारी वेगळी केंद्रं बंद करत नेली आणि मुलं सरळ सरकारी शाळांत आणली.

खडूफळा:
असहमत. बाकावर बसवलं म्हणजे शिकलं असं नसतं हो. लेबनॉननेही सीरियन मुलांना सरकारी शाळांत घेतलं, बहुतेकांना दुपारच्या पाळीत. गणित-विज्ञान मात्र फ्रेंच नाहीतर इंग्रजीत. अरबीत भागाकार येणारं पोर एका दिवसात 'ढ' ठरतं. मी गडचिरोलीत गोंडी बोलणारी पहिलीची मुलं शिकवली आहेत. मास्तर काय म्हणतोय ते कळेपर्यंत ती नुसती तोंडाकडे बघत बसतात, आणि ती तर आपल्याच देशातली. तिबेटींना आपण १९६१ पासून वेगळ्या शाळा दिल्या, काय बिघडलं?

वाटसरू:
शाळा वेगळ्या, पण परीक्षा सीबीएसईची! त्यांचा दहावीचा कागद भारतभर चालतो. छावणीतल्या मुलाचा कागद कोण विचारतो? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं.

पंचगंगाकाठ:
मध्येच बोलतो. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. शाळा पोलिश, कारण युद्ध संपलं की घरी जायचं. पुढे पोलंडात कम्युनिस्ट आले आणि कित्येकजण घराऐवजी इंग्लंडला गेले. म्हणजे परतीच्या भरवशावरचा अभ्यासक्रम फसू शकतो, हे वाटसरूंचं खरं. पण त्यांना मराठी शाळेत घातलं असतं, तर लंडनमध्ये त्या बाराखडीचं काय केलं असतं?

वाटसरू:
पाच वर्षांची छावणी आणि पिढीभराची छावणी यांत फरक आहे की नाही?

खडूफळा:
आहे, आणि कागदाचा मुद्दाही मान्य. पण तुर्कस्तानची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्यांनी युरोपीय संघाच्या पैशातून या मुलांना तुर्की शिकवायला खास शिक्षक नेमले. तेवढं करणार असाल तर बसवा एका वर्गात. नाहीतर दाखला मिळेल आणि चौथीत गळती होईल.