वेंगुर्ल्याला घर बांधायलोय, जांभ्याचा चिरा घेऊ का सिमेंटचा ब्लॉक?

शहापूरवाला:
नमस्कार मंडळी, राहतो बेळगावात खरं आईच्या माहेरची वेंगुर्ल्याला जागा आहे, समुद्र अगदी जवळ, तिथं दोन खोल्या नि पडवी असं घर काढायचं ठरलंय. इथला कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सगळं आरसीसी करू, विटा इथनंच नेऊ, समुद्राकडं मोठी काच लावू नि आत एसी. मला ते पटेना. घर टिकायला पाहिजे नि लाईट बिल पण कमी यायला पाहिजे. चिरा बरा का ब्लॉक? आणि त्या हवेत सोलर टिकतंय का?

खानापूरकर:
अण्णा, विटा घाट उतरून कशाला नेता, तिथं चिरा हाताशी आहे की. जांभा खाणीतनं काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, भट्टी लागत नाही म्हणजे तेवढं जळण वाचलं. वर मंगळुरी कौलं घाला आणि छप्पर चांगलं बाहेर काढा, तिथं पाऊस आडवा मारतो. खरं काम बीम नि स्लॅबमध्ये आहे. खारट हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजून फुगते नि पोपडे सुटतात. किनाऱ्याच्या हवेला आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, कमीत कमी एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि 45 मिमी कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा तेवढा थर, सांगितलंय, तेवढं लिहूनच घ्या, आणि सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉकच ठेवायला लावा, दगडाची कपची चालवून घेऊ नका. स्लॅग सिमेंट, म्हणजे पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेलं, मिळालं तर उत्तम. खाडीची वाळू अजिबात नको.

टिळकवाडीची_ताई:
पश्चिमेला मोठी काच नकोच दादा, दुपारनंतरचं ऊन सरळ आत येतं मग एसी लावल्याशिवाय बसवत नाही. तिकडं त्रास घामाचा असतो, वारा फिरला की निम्मं काम झालं. दिवसा समुद्राकडनं खारे वारे, रात्री जमिनीकडनं मतलई, म्हणून पूर्व-पश्चिम खिडक्या समोरासमोर ठेवा, पश्चिमेला खोल पडवी. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या, साधा 75 वॅट खातो हा साधारण 30 वॅटवर चालतो.

शहापूरवाला:
लई उपयोगी सांगितलंत. सोलरची सबसिडी बेळगावच्या बिलावर मिळते का?

निपाणीकर_सोलर:
नाही वो, हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या वीज कंपनीचं बिल तिथं चालायचं नाही, त्या घराला महावितरणचं कनेक्शन तुमच्या नावावर पाहिजे. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30 हजार, 3 किलोवॅटला 78 हजार मिळतात. घर बंद असताना तयार झालेली वीज नेट मीटरिंगनं बिलात वळती होते, त्यामुळं तुमच्यासारख्याला सोयीचं आहे. पॅनेल घेताना आयईसी 61701 म्हणजे खाऱ्या हवेची टेस्ट झालेलंच मागा, नटबोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे, 304 ला समुद्राजवळ डाग पडतात. कौलांवर चढवायच्या भानगडीत पडू नका, बाथरूमवरचा छोटा स्लॅब त्यासाठी ठेवा. आणि पावसाळा सोडून बाकी दिवसांत मीठ नि धूळ बसते, गोड्या पाण्यानं धुवायला गावातलं कोणीतरी बघून ठेवा.