जुनं घर घेतल्यावर वीजबिल लगेच नावावर करावं का? (नाशिककरांची चर्चा; नावांऐवजी राहण्याचे भाग दिले आहेत)

पाथर्डी फाटा: गेल्या महिन्यात सिडकोतून इकडे रो-हाऊसमध्ये आलो. मीटर नावावर करायचा अर्ज खरेदीखताच्याच आठवड्यात टाकावा, असं माझं ठाम मत आहे. घर विकणारा एकदा पैसे घेऊन गेला की संमतीच्या सहीसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं. इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि भरलेलं शेवटचं बिल हाताशी असतं, तेव्हाच उरकून टाका.

इंदिरानगर: पटत नाही. नऊ वर्षं बिल जुन्या मालकाच्या नावाने येतंय. ग्राहक क्रमांक टाकतो, मोबाईलवरून भरतो. रंगारी, सुतार, मुलांच्या शाळा या धावपळीत महावितरणच्या फेऱ्या कोण घालणार?

पाथर्डी फाटा: दादा, नऊ वर्षं तुम्ही भरताय आणि सुरक्षा ठेव मात्र त्यांच्या नावावर! उद्या छतावर सोलर बसवायचं ठरलं तर? केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, पण जोडणी दुसऱ्याच्या नावावर असली की तिथेच गाडी अडते. थकबाकीचंही तेच. नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाची बाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी नाकारता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मान्य केलंय.

गंगापूर रोड: नावाआधी मीटर आपलाच आहे का ते बघा. आमच्या इमारतीत जिन्याखाली बारा मीटर, त्यांवर मार्करने फ्लॅट नंबर लिहिलेले. आमचा आणि शेजारच्यांचा नंबर उलटा पडला होता. चार महिने आम्ही त्यांच्या एसीचं बिल भरलं. शेवटी ह्यांनी घरातला मेन बंद केला, मी खाली उभी राहिले. आमच्या नंबराच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता! चावी घेताना ही दोन मिनिटांची तपासणी कराच, रीडिंगचा फोटोही काढा.

अशोका मार्ग: मी भाडेकरू. आम्हाला नावबदलाचा काय उपयोग? अकरा महिन्यांनी पुन्हा बोजाबिस्तारा. गॅसची जोडणी माणसाच्या नावाने असते, म्हणून धुळ्याहून येताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घेतली, कागद इथल्या एजन्सीला दिला. वीज घराबरोबरच राहते. ती घरमालकाच्याच नावावर बरी, फक्त करारात पहिल्या दिवसाचं रीडिंग लिहून घ्यावं.

पाथर्डी फाटा: भाड्याच्या घराला मान्य. मी विकत घेणाऱ्यांबद्दल बोलतोय.

इंदिरानगर: ताई, आज संध्याकाळीच मेन बंद करून बघतो. नावाचं अजून पटलेलं नाही. आमचे जुने मालक वारले, मुलगा परदेशात. आता सही कोणाची आणू?

पाथर्डी फाटा: म्हणूनच पहिल्या आठवड्यात म्हणत होतो, दादा. तरी खरेदीखत आणि इंडेक्स २ घेऊन एकदा महावितरणच्या उपविभागाच्या कचेरीत जाच.