कोळीगीताचा व्हिडिओ करायचा आहे, बजेट ३५ हजार. सल्ला हवा

नवखा_नाखवा
नमस्कार मंडळी. कोळीगीत तयार आहे, ३ मिनिटं ४० सेकंद, मास्टर फाइल हातात आहे. नारळी पौर्णिमेच्या दोन आठवडे आधी यूट्यूबवर टाकायचं आहे. गायिका आमची आत्या, वय ५८, कॅमेऱ्याची सवय शून्य. मित्राकडे सोनी ए६४०० कॅमेरा आणि त्याच्यासोबत येणारी १६-५०ची किट लेन्स. बजेट ३५ हजार, जेवणखाण-प्रवास धरून. शूट मे महिन्यात की जूनमध्ये? गोष्ट घ्यावी की नुसतं गाणं? आणि लिपसिंक (ओठ गाण्याशी जुळवणं) कसं सांभाळायचं? जाणकारांनी सांगावं.

सिनेवाला_पनवेल
ए६४०० विसरा. एफएक्स३ कॅमेरा भाड्याने घ्या, २४-७० लेन्स, गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा), ड्रोन आणि पूर्ण दोन दिवस. ड्रोनशिवाय कोळीगीत म्हणजे मिठाशिवाय कालवण. आमच्या युनिटचं पॅकेज आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

फोकसपुलर
वरच्यांनी बजेट वाचलेलं दिसत नाही. ए६४०० पुरतो. ४के, २५ फ्रेम, शटर १/५०. एस-लॉग (फिकट चित्र, रंग नंतर एडिटला भरायचे) लावू नका. फाइल आठ बिटची आहे, रंग ओढले की आकाशात पट्टे दिसतात. कॅमेरा झटक्यात वळवला की डोलकाठ्या तिरक्या होतात, तेही टाळा.

पहिली खरेदी एनडी फिल्टरची, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या काळ्या काचेची. भर उन्हात आयएसओ १००, १/५०, एफ ५.६ ठेवलं तर चार स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट, म्हणजे सोळापट) उजेड जास्त होतो, म्हणजे एनडी १६ लागणार. फिल्टर नसला की लोक शटर १/८०० वर नेतात आणि नाचणाऱ्यांचे हात तुटकतुटक दिसतात. या किट लेन्सचा व्यास ४०.५ मिमी. त्या मापाचं पटकन मिळत नाही, म्हणून स्टेप-अप रिंग (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) आणि ५८चा फिल्टर घ्या. फिरवून काळेपणा कमी-जास्त करायचा व्हेरिएबल घेतलात तर शेवटपर्यंत फिरवू नका, वाइडला फ्रेमभर काळी फुली येते.

उगाच_एक
गोष्ट हवीच. नाखवा समुद्रात गेला, वादळ आलं, बायको किनाऱ्यावर. लोक रडले पाहिजेत.

तालमणी
लिपसिंकचं सविस्तर लिहितो, कारण निम्मे व्हिडिओ इथेच पडतात.

१. शूटला फायनल मास्टरच वाजवा, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल. कच्च्या मिक्सवर शूट केलं आणि नंतर संगीतकाराने दोन मात्रांचा म्युझिक पीस वाढवला, तर पुढचं सगळं फुकट.
२. गाण्याआधी चार टिक (तालाचे ठोके) जोडा. टिक नसले की पहिला शब्द सगळ्यांचाच उशिरा येतो.
३. स्पीकर गायिकेजवळ ठेवा. कॅमेऱ्याचा माइक चालू हवा, एडिटला तोच आवाज मास्टरशी जुळवायचा. पण कॅमेरा २५-३० मीटर मागे असेल तर आवाज दोन फ्रेम उशिरा पोचतो (२५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज जेमतेम १४ मीटर जातो). लांबच्या शॉटला क्लिप तेवढी सरकवावी लागते. ‘सिंक आहे पण काहीतरी खटकतंय’ म्हणतात ते हेच.
४. आत्यांना खरंच गायला लावा, मोठ्याने. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा हलत नाहीत, खोटं लगेच कळतं.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे तर ५० फ्रेमने शूट, गाणं दुप्पट वेगाने. नवख्या माणसाला दुप्पट जमत नाही. कॅमेरा एनटीएससी मोडवर (त्यात ३० फ्रेम मिळतात) घ्या, ३० फ्रेमने शूट, एडिटची टाइमलाइन २४ची, गाणं १२५ टक्के वेगाने. तेवढं कोणीही गातं.

सिनेवाला_पनवेल
ब्लूटूथ स्पीकर चालत नाही, उशिरा वाजतो. केबलचाच घ्या.

तालमणी
चालतो. गायिका स्पीकर ऐकते, माइकही तोच स्पीकर ऐकतो. उशीर दोघांनाही सारखाच.

सिनेवाला_पनवेल
नाही चालत. अनुभव आहे.

कात्री
गोष्टीचं भूत उतरवा. हा व्हिडिओ गाण्याच्या जाहिरातीसाठी आहे, गाणं व्हिडिओसाठी नाही. वादळ, संवाद, लाटांचा आवाज यात पहिली ४० सेकंदं गेली तर बघणारा मुखड्यापर्यंत राहतच नाही. पाच-सात सेकंदांत सूर लागला पाहिजे. मुखडा परत येतो तेव्हा चित्रातही काहीतरी परत यावं: तीच स्टेप, तीच जागा. नवीन कपडे, नवीन लोकेशन अंतऱ्याला. शूटला अख्खं गाणं न थांबता घ्या, वाइडचे दोन टेक, मिडचे दोन, क्लोजचे दोन. मग तुकडे. ‘एवढ्याच ओळी घेऊ’ म्हणणारे एडिटला रडतात. हुक स्टेप (गाण्याची ओळख ठरणारी नाचाची स्टेप) उभ्या फ्रेममध्ये वेगळी घ्या. आडव्यातून कापली की कडेचे दोन नाचणारे गायब.

उगाच_एक
पण गोष्टीशिवाय शेअर कोण करणार?

अलिबागकर
मे महिन्यातच उरका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या ताडपत्रीखाली. भरतीचं टाइमटेबल बघून तारीख ठरवा, ओहोटीला होड्या चिखलात कलंडलेल्या असतात. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कुलाबा किल्ला कोणी सुचवण्याआधीच सांगतो, तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, शूटची परवानगी वेगळी काढावी लागते.

सिनेवाला_पनवेल
किल्ल्यावर ड्रोन भारी दिसेल.

फोकसपुलर
मे महिन्याला +१. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर पायलटकडे सर्टिफिकेट हवं. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघा.

कलम_३१
चाल तुमचीच ना? जुन्या रेकॉर्डमधली एक ओळ जरी असेल तरी विचार करा. कव्हरसाठी (जुनं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करायला) कायद्यात पाच वर्षांनंतरची सोय आहे, पण ती ध्वनिमुद्रणापुरती. चित्र जोडायला हक्कदाराची परवानगी वेगळी लागते.

नवखा_नाखवा
सगळ्यांचे आभार. शब्द-चाल आमचीच. घरात बसून ठरवलं ते असं: शूट जूनच्या शेवटी. बंदीत जाळी विणणं, होड्यांची डागडुजी, रंग, हे सगळं दारातच चालू असतं, आणि माणसं घरी असतात. आत्या ओटीवर बसेल, ओठ जुळवायचे नाहीत, जाळ्यावरचे हात आणि चेहरे. गोष्ट नाही, नाच नाही, ड्रोन नाही.

तालमणी
म्हणजे मी उगाच टंकलं.

कात्री
ओठ नाहीत तर गाते कोण ते कळणार कसं? निदान मुखड्याला एक क्लोज घ्या.

नवखा_नाखवा
सुरुवातीला आणि शेवटी खाली डावीकडे पट्टी देतो, म्युझिक चॅनेलवर असते तशी: गाणं, गायिका, गीत, संगीत. ५८चा एनडी १६ कोणाकडे पडून असेल तर विकत घेईन.

फोकसपुलर
जूनच्या ढगाळ हवेत एनडी १६ची गरज नाही, एनडी ४ आणि एनडी २ पुरे. किट लेन्सला सील नाही, झूमच्या खाचेतून पाणी आत जातं. छत्री धरायला एक माणूस ठेवा, त्याचे पैसे ३५ हजारांतच धरा.