परवाना निलंबित झाला की वकील कायले?

पराटीवाला, आर्णी (मूळ पोस्ट): कृषी केंद्रावर, म्हंजे बियाणं-खत-औषधाच्या दुकानावर, कारवाई झाली की मालक पयले वकिलाकडं पयते. माल खरा असन तर वकील कायले पाह्यजे? फवारनीच्या औषधाचा नमुना नापास, म्हंजे लायसन गेलंच पाह्यजे.

केंद्रवाला, दारव्हा: भाऊ, हे वाचून राहवलं नाही. सीलबंद बाटली मी बनवत नाही. नमुना नापास झाला की नोटीस मात्र माझ्याही दारावर. कीटकनाशक कायदा १९६८, कलम ३०(३) वाचा. परवानाधारकाकडून घेतलेला माल नीट साठवून आहे तसाच विकला आणि काळजी घेऊनही खोट कळण्याजोगी नव्हती, तर विक्रेता दोषी नाही. पण हे सिद्ध मी करायचं: खरेदी बिल, बॅच नंबर, साठा रजिस्टर. नमुन्याच्या तपासणीचा अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तोच निर्णायक पुरावा. आमच्या लाइनीतल्या एकानं "साहेब ओळखीचे आहेत" म्हणत नोटीस गल्ल्यात ठेवली. ऐन खरिपाची गर्दी, मुदत निघून गेली. मग कितीही बिलं दाखवली तरी कोणी पाहिली नाहीत. वकील असता तर हरकत वेळेत गेली असती.

पराटीवाला: तुमाले कलम तरी हाये. आमचं सोयाबीन उगवलंच नाई. तालुका समिती पंचनामा करून गेली, दुबार पेरनी आमच्याच खिशातून. मले कोन वकील देते? २०१७ ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारनीनं मानसं मेली, त्या बाटल्या कोन्या काउंटरवरून गेल्या होत्या?

वकील, पुसद: पंचनाम्याची प्रत घ्या आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ ला राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगितलं. बिल, पिशवी, टॅग जपलंय ना?

पराटीवाला: उधारीवाल्याले पक्कं बिल देते कोन?

शेतकरी, कारंजा: बिलाचं निघालंच तर लिंकिंगचं बोला! युरिया मागितला की सोबत झिंक घ्या, नाईतर "माल संपला". गोदामात थप्प्या दिसतात आम्हाले.

केंद्रवाला: लिंकिंग आधी माझ्यावर होते. कंपनीचा बाकीचा माल उचलल्याशिवाय डीएपी खताची गाडी सुटत नाही. तो माल माझ्याकडे सडू देऊ?

कारंजा: मंग कंपनीची तक्रार करा. आमच्या गळ्यात कायले बांधता?

केंद्रवाला: तक्रार केली तर पुढच्या रॅकला, म्हणजे खताच्या मालगाडीला, माझं नाव कटते.

कारंजा: वा! भीती तुमाले, पैसे आमचे. एका पोत्यामागं किती जास्तीचे गेले, हिशोब लावा कधी. आमच्या गावात तर बाया लाइनीत उभ्या राहून रिकाम्या हातानं वापस गेल्या.

केंद्रवाला: सगळ्यांना एका माळेत ओवू नका! मी हयात घातली या दुकानात.

वकील: लिंकिंगची लेखी तक्रार दोघांनी मिळून करा, मग एकट्याचं नाव कटत नाही. आणि पराटीवाले भाऊ, निलंबनाआधी कारणे दाखवा नोटीस आणि आदेशावर ३० दिवसांत अपील, हे कायद्यानंच दिलंय. ते मागणं म्हणजे पळवाट नाही.

पराटीवाला: बरं, खरेदीचं पक्कं बिल असन त्यानं लावावा वकील, आपली ना नाई. पन उधारीवाल्यालेबी त्याच दिवशी बिल द्या, बॅच नंबर टाकून.

केंद्रवाला: देतो. पण "नापास म्हंजे लायसन गेलंच पाह्यजे" ही ओळ काढा.

पराटीवाला: काढत नाई. खाली तुमचं २८ दिवसांचं जोडतो.