मदत हवी आहे: उबुंटू टाकताना डिस्कच दिसत नाही

रातकिडा: कालपासून अडकलोय. विंडोजसोबत उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय. पेनड्राइव्हवरून बूट होतं, पण डिस्क निवडायच्या पानावर फक्त पेनड्राइव्हच दिसतो. ५० जीबी मोकळी करून ठेवली आहे. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाय, लवकर सांगा.

वाटसरू: विंडोज १० की ११? एसएसडी कुठली? बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही बदललंत का? काहीच माहिती नाही, सांगणार काय?

पेंग्विनप्रेमी: उबुंटू सोडा, मिंट टाका. मी २०१९ पासून वापरतोय, एकदाही अडलं नाही.

वाटसरू: मिंट उबुंटूवरच बेतलेलं आहे. इथे डिस्क दिसत नाही तर तिथेही बहुधा दिसणार नाही.

जुना_गडी: सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करा. माझं त्यानेच झालं.

शंकेखोर: त्याचा डिस्कशी काय संबंध? उबुंटू सिक्युअर बूट चालू असतानाही चालतं. आणि यांचं बूट होतंयच की.

जुना_गडी: मग व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आतच चालणारा आभासी संगणक) करा, एवढी खटपट कशाला!

रातकिडा: त्यात ग्राफिक्स कार्ड नीट वापरता येत नाही, आणि मला तेच हवंय. विंडोज ११, एनव्हीएमई एसएसडी. बायोसमध्ये सॅटा मोडपुढे ‘आरएसटी’ (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) आहे. ते एएचसीआय (डिस्क हाताळायची नेहमीची पद्धत) केलं तर विंडोजला एररचा निळा पडदा आला, म्हणून परत होतं तसं केलं.

वाटसरू: अहो, हे आधी सांगायचं ना! आरएसटीमागची डिस्क इन्स्टॉलरला दिसत नाही. आणि मोड एकदम बदलला की विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर न घेताच उठायला बघतं, म्हणून निळा पडदा. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग (बूटची सेटिंग बदलायचं टूल) उघडा, बूट टॅबवर सेफ बूटची टिक लावा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा. विंडोज सेफ मोडमध्ये (फक्त मूलभूत ड्रायव्हर घेऊन) उघडलं की टिक काढून पुन्हा रीस्टार्ट.

शंकेखोर: थांबा! बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. आधी ती कागदावर उतरवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा. माझ्या भावाचा सगळा डेटा यातच गेला. खात्याचा पासवर्डही आठवत असू द्या, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

रातकिडा: बिटलॉकर चालूच होतं, मला पत्ताच नव्हता! की उतरवून घेतली, मग सगळं केलं. डिस्क दिसली, इन्स्टॉल सुरू आहे. दोघांचे मनापासून आभार.

वाटसरू: विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता झटकन सुरू व्हायची सोय) तेवढं बंद करा. नाहीतर उबुंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येणार नाही.

पेंग्विनप्रेमी: प्रोजेक्ट झाला की मिंट बघाच.